अवजारांची पेटी : भांडवल की भंगार?

कारागिराचे भांडवल कोठे असते, असे विचारले तर बहुतेक जण दुकानाची जागा, लेथ मशीन किंवा बँकेतील शिल्लक यांची नावे घेतील. आमचे मत थोडे वेगळे आहे. जागा भाड्याची असू शकते. मशीन जुने असू शकते. शिल्लक तर येते आणि जाते. कारागिराचे खरे भांडवल त्याच्या अवजारांच्या पेटीत असते. मात्र तीच पेटी एका घरात दोन पिढ्यांची रोजी ठरते आणि दुसऱ्या घरात किलोच्या भावाने विकली जाते. हा फरक पेटीवर किती पैसा खर्च झाला यामुळे पडत नाही. अवजार कसे जमवले, कसे वापरले आणि त्याची माहिती कोणाला दिली, यामुळे तो पडतो. त्याविषयी आमची काही मते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे काम वर्धा जिल्ह्यातील जामच्या चौरस्त्यावर चालते. समुद्रपूर तालुक्यातील हे गाव नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. या महामार्गाचा पूर्वीचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. येथूनच वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. कोळशाचे ट्रक, कापसाच्या गाड्या, गिरडच्या दर्ग्याला जाणारे भाविक, सगळे येथून जातात. त्यामुळे आमच्याकडे येणारे कामही तसेच मिश्र. ट्रकच्या स्प्रिंगची पिन आणि बुश, मळणीयंत्राचा शाफ्ट, विहिरीवरच्या पंपाचा झिजलेला दांडा, हिंगणघाटकडच्या जिनिंगमधील एखादा रोलर. सकाळी कोणते काम येईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी अवजारांची निवड फार विचाराने करावी लागते.

आधी काम, मग अवजार

नव्याने दुकान टाकणारे तरुण पुष्कळदा मोठा सेट घेऊन सुरुवात करतात. पेटी उघडली की डोळे दिपतात. पण सहा महिन्यांनी पाहावे तर त्यातील दहा-बारा वस्तू हाताळून चकचकीत झालेल्या असतात आणि बाकीच्या जागच्या जागी गंजत असतात. गंजणारे अवजार म्हणजे अडकलेला पैसा.

आमचा नियम साधा आहे. जे काम एका महिन्यात दोन-तीनदा परत पाठवावे लागले, त्याचे अवजार घ्यावे. जे वर्षातून एकदा लागते, ते शेजाऱ्याकडून भाड्याने आणावे किंवा ते काम त्यालाच द्यावे. आज आपण त्याला काम दिले तर उद्या तो आपल्याकडे पाठवतो. प्रत्येक कामाच्या मजुरीतून थोडी रक्कम अवजारांसाठी बाजूला काढावी आणि त्या डब्याला घरखर्चासाठी हात लावू नये. असे केले तर अवजारासाठी उधारी करावी लागत नाही आणि व्याजाच्या फेऱ्यातही पडावे लागत नाही.

आपल्या घरांत जकातीचा हिशेब मांडताना कामाची अवजारे वेगळी आणि विक्रीचा माल वेगळा धरतात. कामाच्या अवजारावर जकात नाही, विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर आहे. ही विभागणी दुकानाच्या हिशेबालाही फार उपयोगी आहे. वर्षातून एकदा पेटी पालथी करून तीन ढीग करावेत : रोज लागणारे, कधीतरी लागणारे आणि दोन वर्षांत हातच न लागलेले. तिसरा ढीग ज्याला उपयोगी आहे त्याला विकून टाकावा आणि त्या पैशातून पहिल्या ढिगातील झिजलेली वस्तू बदलावी.

यंत्र कसे असावे याचा एक उत्तम नमुना आपल्या देशातच सापडतो. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजच्या कारागिरानेही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत १५० रुपयांच्या आत असावी, ते किमान वीस वर्षे चालावे आणि सुटे भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. म्हणजे नुसती खरेदीची किंमत पाहायची नाही, आयुष्य आणि देखभाल हेही पाहायचे. लेथ घ्या, ड्रिल मशीन घ्या किंवा वाइस घ्या, दुकानदाराला हेच तीन प्रश्न विचारावेत.

मोजमापात काटकसर नको

पैसे कमी असतील तर कोठे वाचवावे आणि कोठे वाचवू नये? आमचे उत्तर असे : पाने, हातोडे, क्लॅम्प यांत वाचवा. मोजण्याच्या अवजारात वाचवू नका. हातोडा हलका लागला तर दोन घाव जास्त पडतील. मायक्रोमीटर खोटा बोलला तर तयार झालेला जॉब फुकट जाईल आणि गिऱ्हाईकही जाईल.

चांगला व्हर्नियर मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवतो आणि साधा मायक्रोमीटर शंभरावा. बुश आणि पिनच्या बहुतेक कामाला व्हर्नियर पुरतो. बेअरिंगची बैठक करायची तर मायक्रोमीटरच हवा. आधी ० ते २५ आणि मग २५ ते ५० असे दोन घेतले तरी आमच्यासारख्या दुकानाचे बरेचसे काम भागते. आता बॅटरीवर चालणारे आकडे दाखवणारे व्हर्नियर स्वस्तात मिळतात. ते सोयीचे आहेत, पण कूलंटचे पाणी आणि लोखंडाचा कीस त्यांना सोसत नाही. सेल उतरला की काम थांबते. म्हणून रेघांचा व्हर्नियर वाचता येणे शागीर्दाला आलेच पाहिजे.

मोजमाप हे दुकानातील शेवटचे न्यायालय असते. इंग्लंडमधील प्रसिद्ध यंत्रकार हेन्री मॉडस्ले याने १८०५ च्या सुमारास आपल्या कारखान्यासाठी एक अतिशय अचूक मायक्रोमीटर बनवला. त्याला त्याने ‘लॉर्ड चॅन्सेलर’ असे नाव दिले होते. लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे त्या काळी त्या देशाचा सर्वोच्च न्यायाधिकारी. कारागिरांत मापावरून वाद झाला की त्या यंत्राचा निकाल अखेरचा. प्रत्येक दुकानात असे एक माप असावे, जे रोजच्या धावपळीत वापरले जात नाही आणि ज्यावर बाकीची मापे तपासली जातात.

आपल्या विदर्भात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते, ती म्हणजे उष्णता. जगभर लांबीचे माप २० अंश सेल्सियसला धरतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा १० अंशांनी तापला की शतांश मिलिमीटरहून किंचित जास्त वाढतो. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे आणि दोन्ही एकाच सावलीत बराच वेळ राहिले असतील तर दोन्ही सारखेच वाढतात आणि चिंता नसते. धोका असतो तो लेथवरून नुकत्याच उतरलेल्या गरम जॉबमध्ये. ५० मिलिमीटरचा शाफ्ट दुकानातील हवेपेक्षा ६० अंशांनी गरम असताना माप बरोबर दिसले, तर थंड झाल्यावर तो सुमारे साडेतीन शतांश बारीक निघेल. बेअरिंगच्या बैठकीला मुभा असते ती दीड-दोन शतांशांची. मग बेअरिंग शाफ्टवर फिरू लागते आणि हंगामाच्या ऐन गर्दीत मळणीयंत्र बंद पडते. शेतकरी म्हणतो, बेअरिंग खराब होते. बेअरिंग चांगले असते, घाई खराब असते. शेवटचा हात मारण्यापूर्वी जॉब थंड होऊ द्यावा. तेवढ्या वेळात चहा होतो.

जुन्या बाजारातील खरेदी

नागपूरच्या इतवारीतील लोहाओळी, मुंबईची नागदेवी स्ट्रीट ही नव्या मालाची जुनी ठिकाणे. पण गिरण्या आणि कारखाने बंद पडले की त्यांच्या वर्कशॉपमधील उत्तम अवजारे लिलावात निघतात आणि हळूहळू जुन्या बाजारात येतात. जाणकाराला तेथे चांगला माल मिळतो, अजाणाला लोखंड मिळते.

वाइस, ऐरण, सरफेस प्लेट, व्ही-ब्लॉक, पाने या वस्तू जुन्या घ्यायला हरकत नाही. जुने ओतीव काम बहुधा भक्कम असते. वाइसचा स्क्रू आणि जबडे तेवढे पाहावेत. वापरलेली कानस मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. वापरलेला टॅप घ्यायचा तर उजेडात धरून एकेक दाता पाहावा. एक दाता तुटका असला तरी तो टॅप जॉबमध्ये मोडण्याची भीती असते आणि मोडलेला टॅप काढण्याची मजुरी कोणी देत नाही.

टूलबिट किंवा ड्रिल खऱ्या हायस्पीड स्टीलचे आहे की साध्या कार्बन पोलादाचे, हे ग्राइंडरवर हलके टेकवले की कळते. कार्बन पोलादाच्या ठिणग्या भरपूर, पांढऱ्या-पिवळ्या आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात. हायस्पीडच्या ठिणग्या थोड्या, मंद आणि लालसर असतात. दोघांतील फरक मोठा आहे. हायस्पीड मंद लाल होईपर्यंत तापले तरी धार धरून ठेवते, कार्बन पोलाद त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते.

जुना मायक्रोमीटर घेताना शून्यावर येतो की नाही, एवढे पाहून भागत नाही. खिशात चांगल्या कंपनीचे एक नवे ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग ठेवावे. त्याचा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर असतो आणि तो शतांशाच्या आसपास खरा असतो. २५ ते ५० च्या मायक्रोमीटरने ते मोजावे. खरे-खोटे तेथेच कळते.

आणखी एक गोष्ट. फारच स्वस्त मिळणाऱ्या नव्याकोऱ्या अवजाराची पावती मागावी. पावती नसेल तर ते कोणत्या कारखान्याच्या दारातून बाहेर आले हे विचारावे. चोरीच्या अवजाराने केलेल्या कामात बरकत शोधू नये.

आट्यांचा घोळ

जामच्या रस्त्यावर एकाच दिवशी तीन जातींचे आटे भेटतात. जुन्या पंपावर इंग्रजी, काही यंत्रांवर अमेरिकन आणि नव्या गाड्यांवर मेट्रिक. इंग्रजी आट्यांची रीत जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये मांडली. हा व्हिटवर्थ वर सांगितलेल्या मॉडस्लेच्या कारखान्यातच तयार झालेला. त्याच्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे आणि एकाचा नट दुसऱ्याला लागत नसे.

व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिकचा ६० अंश. अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे, तर अमेरिकन जाड आट्यात १३. मेट्रिकचा १२ मिलिमीटरचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या अगदी जवळचा दिसतो, पण त्याचा आटा पावणेदोन मिलिमीटरचा. डोळ्यांना सगळे सारखे दिसतात. नट दोन फेरे जातो, मग अडतो, आणि घाईतला माणूस पाना लावून रेटतो. तेथेच बोल्ट बिघडतो.

म्हणून थ्रेड गेज ही लहानशी वस्तू पेटीत सर्वांत आधी यावी असे आमचे मत आहे. इंच आणि मेट्रिक अशी दोन गेज ठेवली की रोजचे कितीतरी वाद मिटतात. त्यासोबत टॅपच्या आधी कोणते ड्रिल घालायचे याचा तक्ता भिंतीवर लावावा. मेट्रिक जाड आट्यासाठी ६ ला ५, ८ ला ६.८, १० ला ८.५ आणि १२ ला १०.२ मिलिमीटर. बारीक भोकात जबरदस्तीने घातलेला टॅप मोडणारच.

वापर आणि जीव

अवजाराचे आयुष्य आणि कारागिराचे आयुष्य एकाच सवयीने वाढते. मुठीविना कानस चालवू नये, तिचे शेपूट तळहातात घुसते. डोके पसरलेली छिन्नी आधी ग्राइंडरवर नीट करावी, तिचा तुकडा डोळ्यात जातो. चकची चावी चकमध्ये ठेवून कधीही हात सोडू नये. नवा ग्राइंडरचा दगड चढवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलका ठोकावा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर त्याला तडा आहे. दगड आणि टेकण यांतील फट तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. लेथवर हातमोजे घालू नयेत. कुर्त्याच्या बाह्या कोपराच्या वर आणि गळ्यातील रुमाल खुंटीवर. फिरत्या चकला उस्ताद आणि शागीर्द सारखेच.

पावसाळ्यात हाताचा घामही पोलादाला डाग पाडतो. काम संपल्यावर मोजण्याची अवजारे पुसून पातळ तेलाचा हात द्यावा. मायक्रोमीटर घट्ट बंद करून ठेवू नये. कानशीला मात्र तेल लावू नये, तिच्या दातांत कीस भरतो. तिला तारेचा ब्रश आणि खडू पुरतो. ह्या गोष्टींना पैसा लागत नाही. संध्याकाळची दहा मिनिटे लागतात.

उसने अवजार ही अमानत

चौरस्त्यावरच्या दुकानांत अवजारे उसनी नेण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. शेजारधर्म त्यानेच टिकतो. पण बहुतेक भांडणेही त्यातूनच होतात. मोठ्या गिरण्यांच्या टूल-रूममध्ये यावर एक जुना उपाय असे. अवजार नेणारा कामगार आपल्या नंबराचा पितळी बिल्ला त्या जागी अडकवून जाई. लहान दुकानात भिंतीच्या फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवावी आणि उसने दिले की नेणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्या जागी टांगावी. संध्याकाळी फळी पाहिली की काय बाहेर आहे ते कळते.

उसने नेणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की अवजार ही अमानत आहे. धार गेली असेल तर धार लावून, मोडले असेल तर तसे सांगून परत करावे. मोडलेला टॅप गुपचूप पेटीत ठेवून देणे हे चोरीहून बरे नाही.

पेटी मागे राहते तेव्हा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आमच्या परिसरात आम्ही एकाहून अधिक वेळा हे पाहिले आहे. चाळीस वर्षे काम केलेला उस्ताद जातो. मुले दुसऱ्या कामात. लेथ कसेबसे विकले जाते, कारण ते डोळ्यांना दिसते. पेटीतील रीमर, गिअर कटर, इंग्रजी टॅपचे जुने डबे, जपून ठेवलेले मायक्रोमीटर हे मात्र घरच्यांना नुसते लोखंड वाटते. भंगारवाला काटा लावतो. हायस्पीड स्टीलला भंगारातही साध्या लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त भाव असतो, हेसुद्धा त्या घराला माहीत नसते. उस्तादाने आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुंजी एका दुपारी हातगाडीवर जाते. विधवेच्या आणि मुला-मुलींच्या वाट्याला जे यायला हवे होते, ते येत नाही. यात भंगारवाल्याचा दोष नाही. त्याला जे दाखवले ते त्याने तोलले.

याला उपाय एकच : यादी. एक साधी वही घ्यावी. अवजाराचे नाव, माप, कधी आणि कितीला घेतले, आज साधारण किंमत काय, कोणाला विकता येईल, एवढे रकाने पुरेत. मोबाईलवर प्रत्येकाचा फोटो काढून घरातील एका माणसाकडे पाठवून ठेवावा. मालकीचे कोणते आणि दुसऱ्याचे उसने आलेले कोणते, हेही लिहावे. वारसांची वाटणी करताना ही वही सोन्याच्या पावतीइतकी कामाला येते आणि भावाभावांत वाद राहत नाही.

वस्तूसोबत रीतही लिहिली पाहिजे. अल-जझरी या थोर यंत्रकाराने १२०६ मध्ये आपला यंत्रविद्येचा ग्रंथ पुरा केला. नुसती चित्रे काढून तो थांबला नाही. कोणता भाग कशाचा, कसा ओतायचा, कसा जुळवायचा हे त्याने लिहून ठेवले. म्हणून आठशे वर्षांनंतरही कारागिरांनी त्याची यंत्रे पुन्हा बनवून चालवली. आपल्याकडे वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय सुरू झाले. ग्रामोद्योगाची साधने लोकांनी पाहावीत आणि वापरावीत हा त्यामागचा हेतू. जी साधने तेथे आहेत ती टिकली. ज्या साधनांची माहिती कोणी सांगितली नाही, ती किती गेली याचा हिशेब नाही.

शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. ज्या शागीर्दाचा हात चांगला आहे, त्याला पेटीची किल्ली वेळेवर द्यावी. त्याला अवजार हाताळू द्यावे, धार लावू द्यावी, माप घेऊ द्यावे. पुष्कळ उस्ताद चांगला मायक्रोमीटर कुलपात ठेवतात आणि शागीर्दाला झिजलेल्या व्हर्नियरवर शिकवतात. मग त्याचा हात कच्चा राहिला म्हणून त्यालाच बोल लावतात. मुलगा असो की मुलगी, घरातील एकाला तरी अवजारांची नावे आणि किमती ठाऊक असाव्यात. आपले दुकान ज्या दिवशी बंद असते, त्या दिवशी वही घेऊन पेटीपुढे बसावे. दोन तासांचे काम आहे. त्या दोन तासांत पेटीत भांडवल किती आणि भंगार किती हे कळेल, आणि घरच्यांनाही ते कळलेले राहील.